आ, ई आणि ऊ

चपला काढू नका. गुहेच्या तोंडाशी आलात की हात सवयीनं पायांकडे जाईल, पण इथल्या जमिनीवर चकमकीच्या दगडाचे छिलके विखुरलेत आणि त्यांची धार तुमच्या घरच्या विळीला लाजवेल अशी आहे. बाहेर पाऊस लागलाय. भूमध्य समुद्राच्या या काठावर पाऊस थंडीतच येतो, मृगाची वाट बघत नाही. पाठीशी कार्मेलचा डोंगर, समोर मैदान आणि त्यापलीकडे समुद्र. तुमच्या नकाशात दिसतो त्यापेक्षा तो बराच मागे हटलाय, कारण पृथ्वीवरचं पुष्कळ पाणी सध्या उत्तरेच्या बर्फात अडकून पडलंय. या जागेला पुढे केबारा म्हणतील आणि देशाला इस्राएल. आत्ता काय म्हणतात, किंवा काही म्हणतात का, तेच ऐकायला तुम्ही आलात. तुमच्या घरापासून सुमारे 60 हजार वर्षं मागे.

आत चला. तुम्ही कुणाला दिसणार नाही, तेवढी सोय करून ठेवली आहे. धुरानं डोळे चुरचुरतील. गुहेच्या मधोमध चुली आहेत. एकीच्या राखेवर दुसरी, तिच्यावर तिसरी, काळ्या-पांढऱ्या थरांची जणू चादरीवर चादर. जळण ओकच्या लाकडाचं. खाल्लेल्या प्राण्यांची हाडं मात्र चुलीपाशी फार नाहीत, ती उत्तरेकडच्या भिंतीशी ढिगानं पडली आहेत. घरात उकिरड्याची जागा ठरलेली आहे. ‘इथे नको, तिकडे टाक’ असं कुणीतरी कुणाला सांगितलं असणार, असं लगेच तुमच्या मनात येईल. थांबा. मांजरही विधी कोपऱ्यात उरकतं. पुरावा इतक्या स्वस्तात घ्यायचा नाही.

माणसं बघून घ्या. हो, माणसंच. भुवयांवर हाडाचा उंच कंगोरा, नाक रुंद आणि पुढे आलेलं, हनुवटी जवळजवळ नाहीच. डोकं मागे लांबट, पण आतला मेंदू आकारानं तुमच्याएवढाच. बुटकी, जाड हाडांची, छातीचा खालचा भाग रुंद. निअँडरथल. 1856 साली जर्मनीतल्या ज्या खोऱ्यात यांच्यातल्या एकाची हाडं सापडली, त्या खोऱ्याचं हे नाव. त्यानंतर दहाच वर्षांनी, 1866 साली, पॅरिसच्या भाषाविज्ञान मंडळानं भाषेच्या उगमावरच्या निबंधांना आपले दरवाजे बंद करून टाकले. विद्वान मंडळी पुराव्याशिवाय फार बोलू लागली होती. अशी बंदी अधूनमधून इतर विषयांवरही यायला हरकत नाही.

तुमची अडचण वेगळी आहे. केरळात रेल्वेच्या डब्यात दोन बायका मल्याळममध्ये बोलत असतात, तेव्हा एक शब्द कळत नसला तरी ती भाषा आहे याबद्दल तुम्हाला शंका नसते. समोर माणूस आहे, म्हणजे ती भाषा, हे आधीच ठरलेलं असतं. इथे तेच ठरलेलं नाही. चुलीपलीकडून आवाज येतायत. हुंकार, कण्हणं, एक लांब चढत जाणारा सूर, मग काही तुटक. यातलं बोलणं कोणतं आणि नुसता आवाज कोणता, हे ठरवायचं कशानं?

एके काळी याचं उत्तर गळ्यात आहे असं वाटत होतं. 1971 साली फिलिप लीबरमन हे भाषाशास्त्रज्ञ आणि एडमंड क्रेलिन हे शरीररचनातज्ज्ञ या दोन अमेरिकनांनी ‘ला शापेल’च्या म्हाताऱ्याचा गळा नव्यानं घडवला. फ्रान्समधल्या ला शापेल-ओ-सँ इथे 1908 साली सापडलेला हा सांगाडा. मार्सेलँ बूल यांनी त्याला वाकलेला, गुडघ्यांत मोडलेला, अर्धवट वानर असा उभा केला होता आणि जगभरच्या व्यंगचित्रांतला ‘गुहामानव’ तिथूनच निघाला. त्या कवटीचा तळ मोडका होता. त्यावरून लीबरमन-क्रेलिन यांनी अंदाज बांधला की याचं स्वरयंत्र नवजात बाळासारखं वर होतं, आणि संगणकानं हिशेब केला की अशा गळ्यातून तीन स्वर नीट निघणार नाहीत. आ, ई आणि ऊ.

मराठी माणसाला हे वाचून जे वाटतं ते इंग्रज वाचकाला वाटणार नाही. आ आणि ई गेले म्हणजे ‘आई’ गेली. राहिला ऊ, म्हणजे डोक्यातली ऊसुद्धा नावानं हाक मारण्याजोगी उरली नाही. (डोक्यातल्या उवा मात्र यांना असणारच.) लीबरमन यांची बाजूही सांगितली पाहिजे. ही माणसं मुकी होती असं त्यांनी कधी म्हटलं नाही. ती आपल्याइतकी स्पष्ट बोलू शकली नसती, एवढाच त्यांचा दावा होता. बातमीत मात्र ‘मुका गुहामानव’ झाला.

आता चुलीच्या डाव्या हाताला बसलेल्या त्या पुरुषाकडे बघा. वय पंचवीस ते पस्तीसच्या मधलं. भाजलेल्या रानमसुराचा घास गिळताना त्याच्या जबड्याखाली काहीतरी वर सरकून खाली येतं. तिथे घोड्याच्या नालेच्या आकाराचं एक छोटं हाड आहे, हायॉइड. शरीरातल्या दुसऱ्या कुठल्याही हाडाला ते जोडलेलं नसतं; स्नायू आणि बंधांवर टांगलेलं असतं. जीभ आणि स्वरयंत्र दोन्ही त्याच्या आधारानं हलतात. चिंपांझीच्या या हाडाला मध्ये पोकळ वाटीसारखा फुगवटा असतो, गळ्यातल्या हवेच्या पिशवीसाठी. इथिओपियात दिकिका इथे सापडलेल्या 33 लाख वर्षांपूर्वीच्या बालिकेचं हायॉइडही त्याच वाटीचं. या पुरुषाचं तसं नाही. तुमच्या गळ्यातलं आणि त्याच्या गळ्यातलं शेजारी ठेवलं तर कोणतं कुणाचं हे सांगताना तज्ज्ञांनाही विचार करावा लागेल. या माणसाशी आपलं पुढे मोठं काम आहे, त्याला लक्षात ठेवा.

मग गळा सुटला, म्हणजे प्रश्न सुटला? नाही. 2016 साली मकाक जातीच्या माकडांच्या गळ्याचे क्ष-किरण चलच्चित्रण करून संशोधकांनी दाखवलं की माकडाच्या गळ्यातूनही समजण्याजोगं बोलणं निघू शकेल. गळ्याचं कारण नाही, तो चालवणारा मेंदू माकडाजवळ नाही. पंचेचाळीस वर्षं आपण पेटीचे भाते मोजत बसलो होतो. वाजवणारा आहे का, हे विचारायचं राहून गेलं. जनुकांचंही तसंच. फॉक्सपी-2 या जनुकातले दोन मानवी बदल स्पेनमधल्या निअँडरथलांत 2007 साली सापडले तेव्हा ‘भाषेचं जनुक मिळालं’ असे मथळे झळकले. भाषेचं एकच जनुक नसतं. पुढे चला.

प्रकाश आहे त्या बाजूला एक बाई दगड फोडतेय. हे नीट बघा, कारण इथे भाषा सापडेल असं पुष्कळांना वाटत आलंय. तिच्या हातात चकमकीचा गाभा आहे. आधी कडेनं ती टवके काढते, मग माथ्यावरून, कासवाच्या पाठीसारखा आकार येईपर्यंत. मग एकच ठोका, आणि सगळ्या तयारीचा मोबदला म्हणून एक पातळ, हवा तसा छिलका सुटून येतो. या तंत्राचं नाव लव्हाल्वा. शेवटचा घाव आधी मनात पाहिल्याशिवाय पहिला घालता येत नाही. शेजारी बसलेली पोरगी टक लावून बघतेय. बाई तिला काय सांगते ते ऐका.

काही नाही. एकदा पोरीचं मनगट धरून ती दगडाचा कोन बदलते, बस्स. कुंभारवाड्यात किंवा सुताराच्या पडवीत बसला असाल तर हे तुम्हाला नवं नाही. जपानमध्ये ओनुमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990च्या दशकात विद्यार्थ्यांचे दोन गट करून लव्हाल्वा शिकवलं. एका गटाला बोलून, दुसऱ्याला एक शब्दही न उच्चारता, नुसतं करून दाखवून. दोन्ही गटांच्या शिकण्यात लक्षणीय फरक पडला नाही. हत्यार बघून भाषा होती असं म्हणणाऱ्यांनी हा प्रयोग रोज सकाळी एकदा आठवावा.

मांस कापणाऱ्यांकडे मात्र थोडं थांबा. आज गझेल आहे, तुमच्या चिंकाऱ्याचा भाऊबंद. काल फॅलो हरीण होतं, ठिपक्यांचं, चपट्या शिंगांचं. हाडावरून मांस सोडवताना दगडाचे ओरखडे हाडावर उठतात, आणि इथले ओरखडे तसे सरळ आणि सुटे आहेत. इथून 70 किलोमीटरवर, गालिलीच्या सरोवराजवळ, आमूद नावाची दुसरी गुहा आहे. तिथेही निअँडरथल हिवाळ्याला येतात. हत्यारं हीच, शिकारही हीच. पण तिथल्या हाडांवरचे ओरखडे दाट, एकमेकांत गुंतलेले आणि वाकडे, आणि हाडं जास्त जळकी. 2025 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ही तुलना आहे; आमूदचे लोक मांस कापण्याआधी सुकवत किंवा मुरवत असावेत, असा एक अंदाज त्यात आहे. दोन घरांच्या स्वयंपाकाची रीत वेगळी. बारा कोसांवर भाषा बदलते असं आपण म्हणतो, आणि 70 किलोमीटर म्हणजे वीस कोसांहून जास्त झाले. पण म्हण आपल्या बाजूनं आहे म्हणून पुरावा आपल्या बाजूनं होत नाही. रीत बघूनही उचलता येते.

आता अंधार पडलाय. आग खाली बसलीय. इथे बसून राहा, कारण मला स्वतःला जिनं डळमळवलं ती गोष्ट रात्रीच ऐकू येते.

कुजबुज.

दूर असलेल्याला हाक मारायची तर स्वर पुरतात. कोल्हा, मोर, माकडं, सगळे स्वरांवर काम भागवतात. क, त, प, स यांचा आवाज बारीक असतो, दहा पावलांवर विरून जातो. ही व्यंजनं जवळच्यासाठी असतात, आणि ती टिपायला कान तसा लागतो. स्पेनमधल्या आतापुएर्काच्या डोंगरात, ‘हाडांची खाई’ म्हटल्या जाणाऱ्या खड्ड्यात, 4 लाख 30 हजार वर्षांपूर्वीचे यांचे पूर्वज सापडले. मेर्सेदेस कोंदे-वाल्वेर्दे आणि सहकाऱ्यांनी त्या कवट्यांचे, निअँडरथलांचे आणि आपले कान सीटी स्कॅनवरून मोजून कुणाला कोणत्या पट्टीतले आवाज किती चांगले ऐकू येत असतील याचा हिशेब मांडला. 2021 सालच्या त्या निबंधात निअँडरथलांच्या कानाचा पट्टा पूर्वजांपेक्षा रुंद आणि जवळजवळ आपल्याइतका भरला. कान असा बदलत गेला तर त्यात काहीतरी सतत ओतलं जात असणार. बाहेरच्या पावसात आणि आतल्या अंधारात, दोन हातांवर बसून, कुणीतरी कुणाला हळू आवाजात, लांबवर ऐकू जाऊ नये असं काहीतरी. श्वासही पुरतो. छातीच्या मणक्यांतून मज्जारज्जू जाण्याची वाट निअँडरथलांत आपल्याएवढीच रुंद आहे, म्हणजे श्वास तोडून, धरून, मोजून सोडता येत असावा. एका दमात लांब वाक्य बोलायला तेच लागतं.

भाषा गळ्यातच असते असं धरून चाललात तर मात्र एका माणसाला भेटायचं राहील. पूर्वेकडे, झाग्रोसच्या डोंगरात, आजच्या इराकी कुर्दिस्तानातल्या शानिदार गुहेत. राल्फ सोलेकी यांनी 1950च्या दशकात तिथे खोदलं. शानिदार क्रमांक 1 हा चाळिशी पार केलेला माणूस. डाव्या डोळ्याशेजारचं हाड चेपलेलं, बहुधा त्या डोळ्यानं आंधळा. उजवा हात वाळलेला, कोपरापासून खाली नाही. चाल लंगडी. आणि दोन्ही कानांच्या नळ्यांत हाडाची वाढ, त्यामुळे जवळजवळ बहिरा. 2017 साली ट्रिंकाउस आणि व्हिलोत यांनी हे बहिरेपण तपासून मांडलं. या जखमा तरुणपणीच्या आहेत, म्हणजे या अवस्थेत तो वर्षानुवर्षं जगला, बिबट्यांच्या आणि थंडीच्या मुलुखात. त्याच्या शेजारी बसा आणि बघा, त्याच्याशी ‘बोलतात’ ते कसं. हातानं, भुवयांनी, ओठांनी. एका हातानं तोही उत्तर देतो. तुमच्या गल्लीतल्या कर्णबधिर मुलांना खुणांनी भांडताना बघितलं असेल तर तुम्हाला यात दया दाखवण्यासारखं काही दिसणार नाही. गळा आणि कान दोन्ही वजा करूनही भाषा उरू शकते.

केबाराला परत या. मधल्या काळात त्या पुरुषाला मरण आलं आहे.

गुहेच्या जमिनीत उथळ खड्डा केलाय. त्याला पाठीवर निजवलंय. उजवा हात छातीवर, डावा पोटावर. माती लोटली गेली. कुणी काही गायलं का, हंबरडा फोडला का, ते तुम्ही ऐका. मी सांगितलं तर ती माझी कल्पना होईल. पाऊस संपला की ही मंडळी गुहा सोडून जातील. पुढच्या हिवाळ्यात परत येतील.

आता मीही तुमच्याबरोबर थांबतो, कारण प्रश्नाचा गाभा इथे आहे. समोर नसलेल्या गोष्टीबद्दल बोलता येणं, याला भाषाशास्त्रज्ञ फार मान देतात. मधमाशीही दूरच्या फुलांचा पत्ता नाचून सांगते, हे खरं. पण गेल्या वर्षीच्या फुलांसाठी मधमाशी नाचत नाही.

मांस गळून गेलं. सांधे सुटले. काही महिने किंवा वर्षं लोटली. मग कुणीतरी त्या जागी आलं, माती उकरली आणि कवटी उचलून नेली. फक्त कवटी. खालचा जबडा जागच्या जागी राहिला, वरची एक अक्कलदाढ निसटून मागे राहिली, छातीवरचा हात छातीवरच. तरसानं ओढून नेलं असतं तर इतकं नीट राहिलं नसतं. हत्तीही मेलेल्या हत्तीच्या हाडांवरून सोंड फिरवतात, मान्य. पण कुठे खोदायचं हे ठाऊक असणं, काय उचलायचं आणि काय सोडायचं हे ठरवणं, आणि ज्यानं पुरलं त्यानंच उकरलं नसेल तर ‘तो तिथे आहे’ हे एकानं दुसऱ्याला सांगितलेलं असणं, ही हत्तीची गोष्ट उरत नाही. ‘तो’ आणि ‘तिथे’, दोन्ही डोळ्यांआड. हे वाक्य खुणांनी सांगितलं असेल, आवाजानं असेल, निम्मं-निम्मं असेल. पण वाक्य आहे.

माझा कौल विचाराल तर ते बोलत होते. आपल्यासारखं नसेल, व्याकरण तोकडं असेल, कीर्तन रंगवण्याइतका ऐवज नसेल. पण ज्याला भाषा म्हणतात ते त्यांच्याजवळ होतं, आणि त्यांना मुकं ठेवण्यासाठी आता जास्त पुरावा लागेल, बोलकं म्हणण्यासाठी कमी.

जाता जाता एक फेरी अल्ताईची. सैबेरियातली देनिसोव्हा गुहा, सुमारे 90 हजार वर्षांपूर्वी. तेरा वर्षांच्या आसपासची एक मुलगी. तिच्या हाडाचा जेमतेम अडीच सेंटिमीटरचा तुकडा 2012 साली सापडला, आणि 2018 साली त्यातल्या डीएनएनं सांगितलं की तिची आई निअँडरथल होती आणि बाप देनिसोव्हन, दुसऱ्याच मानवकुळातला. संशोधकांनी तिला लाडानं डेनी म्हटलं. या घरात दोन बोल्या असतील तर पोरीला कोणती आली? मायबोली म्हणजे काय, हा प्रश्न इतका जुना आहे. आपल्या लोकांनीही या घरांत लग्नं लावली आहेत. केबाराच्या उत्तरेला मनोतच्या गुहेत आपल्या जातीची कवटी 55 हजार वर्षांपूर्वीची निघाली, आणि आफ्रिकेबाहेरच्या सगळ्यांच्या, म्हणजे तुमच्याही, जनुकांत सुमारे 2 टक्के वाटा निअँडरथलांचा आहे. ती लग्नं मुक्यानं झाली, असं मानायला मी तयार नाही.

परत येताना 1983 साली केबाराला एकदा उतरा. उत्खनन चालू आहे. पुरलेल्या माणसाची कवटी नाही म्हणून लोक हळहळतायत. मग त्या जबड्यापाशी मातीतून ते छोटं नालेसारखं हाड वर येतं; निअँडरथलाचं हाती लागलेलं पहिलं हायॉइड. 1989 साली बारूख आरेन्सबुर्ग आणि सहकाऱ्यांनी ते ‘नेचर’मध्ये छापलं आणि बंद पडलेला वाद पुन्हा सुरू झाला. कवटी नेणाऱ्यानं जबडा सोडला, म्हणून ते राहिलं.

घरी पोचलात? आता चपला काढा. कंठमणी आणि हनुवटी यांच्या मधल्या मऊ जागेवर, अगदी हलक्या हातानं, दोन बोटं ठेवा आणि ‘आई’ म्हणा. आ-कडून ई-कडे जाताना बोटांखाली जे पुढे सरकतं, ते हायॉइड.